लोहाचे अणू मोजायचे कसे: थेट मोलने की टक्केवारीने?

गोव्यातल्या डिचोली, सांग्याच्या खाणींतलं हेमॅटाइट हे लोहखनिज (Fe₂O₃) घेऊ. सूत्रात लोहाचे २ अणू, ऑक्सिजनचे ३. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं (६.०२२ × १०²³ कणांचं) वस्तुमान, सुमारे १६० ग्रॅम. नमुना शुद्ध, ८० ग्रॅमचा.

मोलची वाट: ८० ÷ १६० = ०.५ मोल. त्यात लोह दुप्पट, म्हणजे १ मोल, म्हणजेच ६.०२२ × १०²³ अणू. संपलं.

टक्केवारीची वाट: १६० पैकी ११२ लोह, म्हणजे ७० टक्के. ८० ग्रॅममध्ये ५६ ग्रॅम. लोहाचं अणुवस्तुमान ५६, म्हणून पुन्हा १ मोल.

उत्तर एकच, पण परीक्षेत मी पहिलीच वाट धरीन. एकूण अणू विचारले तर ०.५ ला ५ ने गुणायचं, २.५ मोल. दुसऱ्या वाटेने ऑक्सिजनचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. (सूत्रातला तो २ विसरणारे मात्र दरवर्षी भेटतात.)

खाणीवर चित्र उलटं. तिथल्या खनिजात माती, सिलिका मिसळलेली, त्यामुळे अख्ख्या ढिगाला एक सूत्र लावता येत नाही. प्रयोगशाळा देते ती लोहाची टक्केवारी. ५८ टक्क्यांच्या १०० ग्रॅम खनिजात ५८ ग्रॅम लोह, म्हणजे साधारण १.०४ मोल. तिथे दुसरीच वाट चालते.