नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचं, नंबर न लावता जायचं क्लिनिक

ताप, खोकला, पोट बिघडलंय असल्या दुखण्यांसाठी मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत अर्धा दिवस घालवायचा नसेल तर हे क्लिनिक खरंच चांगलंय. फोन करून नंबर लावायची भानगड नाही, सरळ जायचं, केसपेपर काढायचा आणि बसायचं. रात्री उशिरापर्यंत चालू असतं म्हणून अंबड एमआयडीसीतून सुटलेली मंडळीही येतात.

पावसाळ्यात सासूबाईंना ताप आला, अंग नुसतं ठणकत होतं. आधी दुसरीकडे दाखवलं तर तिथे काही न विचारता लगेच सलाईन आणि गोळ्या. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा त्या गोळ्यांची पाकिटं मागितली, त्यात डायक्लोफिनॅक होतं ते तिथल्या तिथे बंद केलं, म्हणाल्या डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, असल्या पेनकिलरने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग बीपीचा पट्टा दंडाला बांधून ५ मिनिटं तसाच फुगवून ठेवला आणि सोडल्यावर कोपराखाली डेंग्यूत उठतात तसे लाल ठिपके आलेत का ते टॉर्च लावून मोजत बसल्या. सासूबाई म्हणतात अहो हात बधिर झाला, तर मॅडम त्यांच्याशी गप्पा मारत मारत मोजतायत! इतकं निवांत कोण बघतं आजकाल?

ताप नुकताच आलेला म्हणून एनएस १ (डेंग्यूची सुरुवातीच्या दिवसांतली टेस्ट) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) एवढंच लिहिलं, अँटीबॉडीची टेस्ट आत्ता करून पैसे घालवू नका, ती ५ दिवसांनंतर कामाची, असं स्वतःहून सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताप उतरला की आपण निर्धास्त होतो पण डेंग्यूत खरं जपायचं ते तेव्हाच, पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं तर इथे येऊ नका, सरळ अ‍ॅडमिट करा, हे त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं.

बसायला बाकडी कमी आहेत, संध्याकाळी खूप गर्दी होते, एक्सरे नाही आणि रक्त बाहेरच्या लॅबला द्यावं लागतं. छातीत दुखणं, दम लागणं असं काही असेल तर इथे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. बाकी दुखण्यांसाठी बिनधास्त जा, फक्त आधीच्या गोळ्यांची पाकिटं आठवणीने सोबत न्या.