लाकडी घाण्याचे तेल: चव अस्सल, फलकावरचा दावा मात्र अर्धवट

वडिलांच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) वाढलेले आढळले, तेव्हापासून गेले चार महिने आम्ही घराजवळच्या लाकडी घाण्यावरून शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल आणत आहोत. घाणा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालतो, ही या दुकानाची मोठी जमेची बाजू आहे. उखळात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, संथपणे फिरते, दाणे भरडले जाऊन त्यांचा लगदा होतो, मग कडेने तेल पाझरू लागते आणि दाण्यांचा वास दुकानभर दरवळतो. तेल निवळू देऊन कापडातून गाळल्याशिवाय ते विकत नाहीत. या तेलाची फोडणी घातलेली मेथीची भाजी इतकी खमंग लागते की नेहमीपेक्षा कमी तेल पुरते.

माझा आक्षेप आहे तो दुकानाच्या फलकावर. ‘घाण्याच्या तेलाने रक्तात चरबी वाढत नाही’ असे तिथे लिहिले आहे, आणि दुखणे असलेली माणसे त्यावर विश्वास ठेवून दोन पळ्या जास्त तेल घालतात. कोणतेही तेल खाल्ले तरी आतड्यात त्यातील मेदाचे कायलोमायक्रॉन नावाचे सूक्ष्म कण बनून ते रक्तात उतरतात. ट्रायग्लिसराइडची पातळी जेवणानंतर साधारण तीन-चार तासांनी सर्वाधिक होते आणि पूर्ववत व्हायला आणखी काही तास लागतात. एका जेवणापुरते पाहिले तर ही वाढ मुख्यतः तेलाच्या प्रमाणावर ठरते आणि त्यात घाणा आणि कारखाना असा भेद नाही.

तेलाच्या जातीचा परिणाम दिसतो तो काही आठवड्यांत, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर. शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद असतो, करडईत दहा टक्क्यांहूनही कमी, तर खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के. संपृक्त मेदाच्या जागी करडईसारखे बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) तेल वापरले की एलडीएल उतरते, हे पुष्कळ अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. जेवणानंतरच्या दाहाचे (शरीरातील इन्फ्लमेशनचे) चित्र इतके स्पष्ट नाही: स्निग्ध जेवणानंतर इंटरल्यूकिन-६ सारखे दाहाशी संबंधित घटक काही तास वाढू शकतात, आतड्यातील जिवाणूंच्या आवरणाचे अंश कायलोमायक्रॉनबरोबर रक्तात शिरतात, हे त्याचे एक कारण मानले जाते, आणि संपृक्त मेदाने हा परिणाम वाढतो असे काही अभ्यासांत दिसले असले तरी सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. त्यामुळे ‘दाहनाशक तेल’ ही बाटलीवरची चिठ्ठीही मला पटली नाही.

दुसरी तक्रार साठवणुकीची. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल हे बहुअसंपृक्त मेदाम्ल असते, त्यामुळे ते उजेडात आणि उष्णतेत लवकर खवट होते. तरीही पारदर्शक बाटल्या दर्शनी फळीवर, थेट उन्हात मांडलेल्या असतात. आमची एक बाटली उघडताच तिला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. मालकांनी ती विनातक्रार बदलून दिली, हे आवर्जून नमूद करतो. तेल गाळल्याची तारीख मात्र त्याही बाटलीवर नव्हती. आता आम्ही घाण्यासमोर उभे राहूनच तेल भरून घेतो, तेही स्टीलच्या किटलीत आणि करडईचे असेल तर अर्धाच लिटर.