शहापूरची शाळा आणि ठाण्याचे अभियंते: एका सल्लागार संस्थेच्या कामाचे परीक्षण

आमच्या ठाण्यातील धर्मग्रामाचे (चर्चच्या पॅरिशचे) लोक ज्या माध्यमिक विद्यालयाला वर्षानुवर्षे वह्या, गणवेश आणि वर्गणी पाठवत आले आहेत, ते विद्यालय शहापूर तालुक्यात, आसनगाव स्थानकापासून बरेच आत आहे. तेथे पाचवी ते दहावीचे मराठी माध्यमाचे वर्ग भरतात आणि बहुतेक मुले ठाकर, कातकरी व वारली कुटुंबांतील आहेत. अनुदानित शाळा असल्याने शिक्षकांचे वेतन शासन देते, इमारत मात्र शाळा चालवणाऱ्या संस्थेनेच उभी करायची असते. त्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आम्ही वागळे इस्टेटमधील एका स्ट्रक्चरल सल्लागार संस्थेची नेमणूक केली होती. बांधकाम समितीचा सदस्य म्हणून दोन वर्षे कसारा लोकलने ये-जा करून मी हे काम पाहिले आहे. पुढे एक तक्रारही मांडायची असल्यामुळे संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

त्यांच्याआधी आलेल्या दोन ठेकेदारांनी सगळे जमीनदोस्त करून नव्याने बांधण्याचा सल्ला दिला होता. या संस्थेच्या अभियंत्याने मात्र आधी दोन दिवस नुसती तपासणी केली. काँक्रीटची मजबुती जोखणारा रिबाऊंड हॅमर मारून, जागोजागी गिलावा उकरून त्याने जे दाखवले ते आमच्या समजुतीच्या उलट होते. धर्मगुरूंनी फार पूर्वी बांधलेला दगडी भिंतींचा, मंगलोरी कौलांचा भाग ठणठणीत होता आणि ज्याला आम्ही ‘नवी इमारत’ म्हणत होतो तो स्लॅबचा भाग धोकादायक झाला होता. स्लॅबच्या तळाशी सळईवर जेमतेम बोटाच्या पेराइतकेही काँक्रीट नव्हते. सळई गंजली, गंजून फुगली आणि फुगताना तिने काँक्रीटचे पोपडे पाडले. दगडी भाग राखायचा, त्याचे कुजलेले वासे व रीपा बदलायच्या आणि फक्त स्लॅबचा भाग पाडायचा, असे ठरले. केवळ या एका सल्ल्यापोटी त्यांचे संपूर्ण मानधन वसूल झाले, असे माझे मत आहे.

देखरेखीच्या बाबतीतही ही संस्था काटेकोर निघाली. नव्या खोल्यांच्या कॉलमचे लोखंड बांधून झाले होते आणि काँक्रीटची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. संध्याकाळी अभियंत्याने उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या एका रिंगेत बोट घालून तिचे टोक चाचपले आणि काम थांबवले. रिंगेची टोके 135 अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात गेली पाहिजेत. फिटरने ती सवयीप्रमाणे 90 अंशांतच सोडली होती. भूकंपाच्या हादऱ्याने वरचे काँक्रीट सुटले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात, हे त्याने फिटरला तारेचा तुकडा वाकवून समजावले. रात्री दिवे लावून सगळ्या रिंगा बदलल्या. मिस्त्री चिडला, पण पुढच्या कॉलमला त्याने स्वतःच कोन मोजला.

वेळापत्रकातही विचार होता. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस आणि फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते. ज्या तालुक्यातील भातसा आणि तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातील पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून काँक्रीटचे सगळे काम डिसेंबर-जानेवारीत, विहिरीला पाणी असतानाच उरकले आणि कॉलमना गोणपाट गुंडाळून पाणी वाचवले. उन्हाळ्यासाठी फक्त छपराचे आणि दारे-खिडक्यांचे काम ठेवले.

कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी स्वयंपाकघरातून भडकलेल्या आगीत 94 मुले गेली, याची आठवण त्यांनीच आम्हाला करून दिली. पोषण आहाराची खोली मुख्य इमारतीपासून वेगळी काढली आणि वर्गांचे दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडणारे केले.

आता तक्रार. नव्या खोल्यांवर त्यांनी छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि रंगीत पत्रा सुचवला. वजन कमी, काम झटपट आणि माकडांनी कौले फोडण्याचा त्रास नाही, ही कारणे आम्हालाही पटली. जूनमध्ये शाळा भरली आणि पावसाने जोर धरला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापिका सिस्टरांचा फोन आला, “सर, आत बसल्यावर ढगफुटी वाटते, आणि बाहेर पाहावे तर साधी सर असते.” मी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. बीजगणिताचे शिक्षक फळ्याजवळून बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शब्द एकही पोहोचत नव्हता. अखेर त्यांनी खडू उचलला आणि तास मुकाट्याने फळ्यावर लिहून पुरा केला. शेजारच्या दगडी भागात, जाड कौलांखाली, त्याच वेळी इतिहासाचा तास व्यवस्थित चालला होता. ज्या भागात वर्षाच्या शाळेचे तीन-साडेतीन महिने पावसात जातात, तेथे शाळेचे छप्पर ठरवताना आवाजाचा विचार व्हायलाच हवा होता. वाऱ्याचा दाब, पाण्याचा उतार, पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनमधील अंतर या सगळ्यांचे गणित त्यांच्या अहवालात आहे. कानांचा उल्लेख एकाही पानावर नाही.

संस्थेने चूक मान्य केली, हे नोंदवायला हवे. पत्र्याखाली आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचा थर आणि त्याखाली सिमेंट फायबर बोर्डचे छत, असा उपाय त्यांनी मानधन न घेता आखून दिला. साहित्याचा खर्च मात्र शाळेच्याच माथी आला. तो मूळ अंदाजपत्रकात असता तर वर्गणीच्या वेळीच मागता आला असता, आणि एकदा दिलेल्या देणगीदारांच्या दारात पुन्हा जाण्याची वेळ फादरांवर आली नसती. आतापर्यंत दहावीच्या दोन खोल्यांना छत बसले आहे. उरलेल्या चार खोल्यांत जोराची सर आली की अजूनही फळ्यावरच तास चालतो.

वसतिगृहाच्या कामासाठी समिती पुन्हा याच संस्थेला बोलावणार आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. मात्र या वेळच्या करारात मानधनाचा शेवटचा हप्ता जुलैअखेर, अभियंत्याने भर पावसात खोलीत तासभर बसून पाहिल्यानंतरच द्यायचा, अशी अट मी घालायला लावली आहे.