आधी टायर की आधी शाळा? ऑटोक्रॉस शिकायच्या वाटा

गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून भाच्याचा फोन आला. "मामा, हजार डॉलर बाजूला काढलेत. नवीन टायर घेऊ की ऑटोक्रॉसच्या शाळेला जाऊ?" त्याच्याकडे टोयोटाची जीआर८६ ही छोटी स्पोर्ट्स कार आहे. दोन स्पर्धा करून झाल्यात आणि दोन्ही वेळा तो नवशिक्यांच्या गटात तळाशी होता. फोनवर अर्धा तास बोललो, तरी सगळं सांगून झालं नाही. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या आणखी दोघातिघांनी हेच विचारलंय, म्हणून नीट लिहूनच काढतो.

ज्यांनी ऑटोक्रॉस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मोठ्या मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर रस्त्यावरचे नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात. गाड्या एकामागून एक, मध्ये भरपूर अंतर ठेवून सोडतात. शेजारी दुसरी गाडी नसते, स्पर्धा फक्त वेळेची. एक फेरी साधारण मिनिटभराची. कोन पाडला की 2 सेकंद दंड, वाट चुकली की ती फेरी बाद. वेग हायवेवरच्या वेगापुढे जात नाही आणि बरीचशी फेरी दुसऱ्या गिअरमध्येच होते. ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटलं की गवतामातीवरची शर्यत डोळ्यांपुढे येते, अमेरिकेतलं हे प्रकरण वेगळं. इथे ते मुख्यतः स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, म्हणजे एससीसीएच्या नावाखाली चालतं. हा क्लब 1944 मधला. ते या खेळाला 'सोलो' म्हणतात आणि दर सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. हजारावर चालक येतात, आणि तिथेही एका वाटेवर प्रत्येकाला तीनच फेऱ्या मिळतात.

हा तीन फेऱ्यांचा आकडा लक्षात ठेवा. शाळेला जायचं की नाही, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

नुसत्या स्पर्धेला जाणं

सगळ्यात स्वस्त वाट हीच. प्रवेश फी साधारण 50 ते 100 डॉलर. हेल्मेट नसेल तर क्लबकडे उसनं मिळतं. गाडी रोजचीच चालते. सकाळी तपासणीत बॅटरी घट्ट आहे ना, चाकांचे नट आवळलेत ना, ब्रेकचं पेडल कडक लागतंय ना, एवढं बघतात, आणि आतलं सगळं सुटं सामान बाहेर काढायला लावतात. उंच एसयूव्ही मात्र उलटण्याच्या धोक्यामुळे बहुधा चालत नाहीत, तेव्हा घरी तीच एक गाडी असेल तर आधी विचारून घ्या.

आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्को विभागाच्या स्पर्धा क्रोज लँडिंगला होतात. नौदलाची जुनी धावपट्टी, सेंट्रल व्हॅलीत. फ्रीमाँटहून निघालात तर दीडेक तास. सावलीला झाड नाही आणि उन्हाळ्यात काँक्रीट असं तापतं की बुटाच्या तळव्यातून जाणवतं. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सातला नाव नोंदवायचं, मग वाट पायी चालून पाठ करायची. त्यानंतर निम्मा दिवस ऊन खात, पडलेले कोन उचलत इतरांची सेवा करायची. हे काम सक्तीचं असतं आणि मला ते मनापासून आवडतं, कारण वळणाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोण कुठे ब्रेक मारतो हे दहा हातांवरून दिसतं. या सगळ्यात तुमच्या वाट्याला येतात चार ते सहा फेऱ्या. म्हणजे अख्ख्या दिवसात गाडी चालवायला मिळते चार ते सहा मिनिटं.

बरं, या पाच मिनिटांत शिकायचं तर चूक कळायला हवी. चार वळणांपूर्वी उशीर झाला म्हणून आत्ता कोन पडला, हे एकट्याला कळत नाही. नवशिक्यांच्या शेजारी अनुभवी माणूस फुकट बसवतात, ती सोय जरूर घ्या. पण तो एकदोन फेऱ्या बसतो, 'लांब बघ, लांब बघ' म्हणतो, आणि त्याच्या स्वतःच्या गटाची वेळ झाली की उतरून जातो. अशाच स्पर्धा मी अडीच हंगाम केल्या. पहिल्या चार स्पर्धांत झपाट्याने सुधारलो आणि मग जिथे थांबलो तिथेच राहिलो. तीच चूक दर महिन्याला नव्या वाटेवर करत होतो.

शाळा

शाळेचे ढोबळमानाने दोन प्रकार. काही एकदिवसीय शाळा अगदी कोऱ्या पाटीच्या माणसासाठी असतात. तिथे ब्रेक, वर्तुळ, नागमोडी अशी वेगवेगळी गिरवणी असते आणि शेवटी छोटी वाट. दुसरा प्रकार इव्होल्यूशन परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूलसारखा, ज्याला सगळे 'इव्हो स्कूल' म्हणतात. ही शाळा गावोगाव फिरते आणि स्थानिक क्लब मैदान देतात. शिकवायला राष्ट्रीय पातळीवर जिंकलेले चालक असतात, गाडी तुमची स्वतःची, आणि पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग असतात. फी काही शे डॉलर. म्हणजे एका शाळेच्या पैशात तीन-चार किंवा जास्तही स्पर्धा होतात, हे खरं.

मग जास्तीचं काय मिळतं? पहिलं म्हणजे फेऱ्या. तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवायचा. फेरी संपली की लगेच दोन वाक्यं ऐकायची आणि ती डोक्यात ताजी असताना परत जायचं. स्पर्धेच्या चार-पाच दिवसांत जेवढं चालवाल तेवढं इथे एका दिवसात होतं.

माझ्या शाळेतल्या दोन गोष्टी सांगतो.

एक, वर्तुळ. कोनांच्या गोलाभोवती गाडी फिरवत हळूहळू वेग वाढवायचा. एका ठिकाणी स्टिअरिंग हातात अचानक हलकं होतं, पुढचे टायर कण्हल्यासारखा आवाज करतात आणि गाडी गोल सोडून बाहेर सरकू लागते. माझे हात आपोआप स्टिअरिंग आणखी वळवायला लागले. शेजारच्या शिक्षिकेने शांतपणे सांगितलं, "अॅक्सिलरेटर जरासा सोड आणि स्टिअरिंग थोडं सरळ कर." सरळ? गाडी बाहेर चाललीय आणि सरळ करू? केलं. वजन पुढच्या चाकांवर आलं, टायरांनी पकड घेतली, स्टिअरिंग पुन्हा जड झालं आणि गाडी आत आली. घसरणारं चाक जास्त वळवलं की ते जास्तच घसरतं, हे मी वाचलेलं होतं. हातांना मात्र तिथे, विसाव्या-पंचविसाव्या गोलाला कळलं. पुण्यात आरटीओच्या परीक्षेसाठी आकडा 8 गिरवताना शिकवणारे काका म्हणायचे, "हात सैल सोड." त्या सांगण्याचा अर्थ मला तेव्हा नाही, इथे उमगला.

दोन, नागमोडी, म्हणजे स्लॅलम. कोन साधारण 60 फुटांवर, म्हणजे 18 मीटरवर होते. ताशी 40 मैल वेगाला गाडी सेकंदाला जवळपास तेवढंच अंतर कापते, म्हणजे दर सेकंदाला एक कोन. आता जवळचा कोन बघून हात हलवले, तर डोळ्यांपासून हातांपर्यंत निरोप पोचेस्तोवर कोन मागे गेलेला असतो. पहिल्या कोनाला थोडा उशीर, दुसऱ्याला दुप्पट, चौथ्याला कोन बंपरखाली. शिक्षिकेने फेरीभर उजवा हात काचेपाशी धरून बोट पुढच्या-पुढच्या कोनाकडे ठेवलं. मी जवळ बघायला लागलो की बोट हलायचं. तिसऱ्या फेरीनंतर मला वाटायला लागलं की गाडी हळू चाललीय. प्रत्यक्षात वेळ सव्वा सेकंदाने कमी झाला होता.

मग तिने माझीच गाडी, त्याच टायरांवर, मला शेजारी बसवून चालवली. माझी सर्वोत्तम फेरी 54.3 सेकंदांची होती, तिची 51.6. ब्रेक ती माझ्याआधी मारत होती आणि माझ्याआधी सोडतही होती. वळणातून बाहेर पडताना मी अजून स्टिअरिंगशी झगडत असायचो, तिचा पाय तोवर अॅक्सिलरेटरवर पूर्ण गेलेला. ते 2.7 सेकंद कुठल्या टायरने आले असते, हे मी परतीच्या दीड तासात स्वतःला विचारत होतो.

शाळेच्या उण्या बाजूही आहेत. जागा मोजक्या असतात आणि लवकर भरतात. दुपारी तीननंतर डोकं काही घेत नाही. माझ्या शेवटच्या चार फेऱ्या सकाळपेक्षा वाईट होत्या. टायर भरपूर झिजतात. आणि गाडीतली भीती अजून गेलेली नसेल, हेल्मेट घालून बसायचीच सवय नसेल, तर वरच्या वर्गातलं निम्मं शिकवणं डोक्यावरून जाईल. म्हणून आधी दोन-तीन स्पर्धा कराव्यात आणि मग शाळेला जावं. चूक करून झालेली असली की शिकवलेलं चटकन रुजतं.

ट्रॅक डे

शर्यतीच्या पक्क्या ट्रॅकवर आपली गाडी नेऊन चालवायची, हा तिसरा पर्याय सगळ्यांना खुणावतो. लागुना सेका आमच्यापासून जवळ, 11 वळणं, 3.6 किलोमीटर, आणि कॉर्कस्क्रू नावाचा तो उतार. उत्तरेला विलोजला थंडरहिल. चालवायला मिळणारा वेळ इथे भरपूर, वीस-वीस मिनिटांची तीन-चार सत्रं, आणि नवशिक्याच्या शेजारी शिक्षकही बसतो. मिनिटाच्या हिशेबात शिकणं इथे स्वस्त वाटेल.

पण चुकीची किंमत बघा. ऑटोक्रॉसमध्ये गाडी फिरली तर दोन कोन पडतात आणि तुमच्यासह सगळे हसतात. ट्रॅकवर ताशी 100 मैलांच्या पुढे गाडी सुटली तर समोर भिंत किंवा वाळू असते. तिथे स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं, मोटारशर्यतीसाठीचं एसए प्रतीचं हेल्मेट लागतं, तर ऑटोक्रॉसला मोटारसायकलचं एम प्रतीचं चालतं. ब्रेकच्या तेलाने हवेतली ओल शोषलेली असेल तर ते तापून उकळतं आणि पेडल थेट जमिनीला टेकतं, म्हणून ताजं तेल आणि चांगले पॅड आधी घालावे लागतात. विम्याचंही बघा. ट्रॅकवरचं नुकसान रोजच्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, तो महाग असतो. ऑटोक्रॉसबद्दलही पॉलिसीतली वेळ मोजण्याच्या स्पर्धांची अट एकदा डोळ्यांखालून घालाच.

शिवाय ट्रॅकवर वळणं तीच ती, म्हणून पाठ होतात. ऑटोक्रॉसची वाट दर वेळी नवी. पायी चालून, मध्येच खाली बसून चालकाच्या नजरेच्या उंचीवरून बघून ती डोक्यात बसवायची आणि पहिल्याच फेरीत बरी चालवायची. रस्त्यावर अचानक कुणी आडवं आलं तर हीच तयारी कामाला येते असं मला वाटतं. लागुना सेकाचं आकर्षण मलाही आहे, पण मी तिथे शाळेनंतर गेलो याचं समाधान वाटतं.

आणि टायर

चिकट टायरांनी वेळ कमी होतो, यात वाद नाही. 200 ट्रेडवेअरचे टायर (हा झिजेचा आकडा, जितका कमी तितकं रबर मऊ) घातले की दुसऱ्याच दिवशी फरक दिसतो. पण पकड जास्त असली की चूक झाकली जाते, गाडी सुटायच्या आधी जो इशारा देते तो उशिरा आणि तुटक मिळतो. जुन्या, कमी पकडीच्या टायरांवर वर्तुळात स्टिअरिंग हलकं होताना जे कळतं ते कमी वेगात आणि सावकाश कळतं. तेव्हा शाळा आहेत त्या टायरांवर करा. रबर चिरलेलं किंवा नक्षी संपलेली असेल तर गोष्ट वेगळी, तसले टायर आधी बदला.

घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर या सगळ्याच्या आधी 'टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल'चा एक दिवस त्याला द्या. ती स्पर्धेची शाळा नाही. 15 ते 21 वयाच्या मुलांना त्यांच्या रोजच्या गाडीत ओल्या जमिनीवर घसरणं आणि पूर्ण ताकदीने ब्रेक मारणं शिकवतात. एबीएसचा ब्रेक पायाखाली थरथरतो म्हणून घाबरून पाय काढून घेणारी मोठी माणसं मी पाहिलीत. मुलांना ती थरथर मोकळ्या मैदानात आधीच भेटलेली बरी.

भाच्याने शाळेत नाव घातलंय. उरलेल्या पैशांत आणखी दोन स्पर्धा आणि हवा मोजायचं चांगलं गेज घ्यायला सांगितलंय, कारण टायर तापले की दाब चढतो आणि दर दोन फेऱ्यांनी तो बघावा लागतो. सोबत रुंद काठाची टोपी, चार लिटर पाणी, घडीची खुर्ची, टायरच्या कडेला रेघ मारायला खडू, आणि टायर थंड करायला बागेतला पाण्याचा फवारा. आदल्या रात्री डिकी रिकामी करून ठेव म्हटलंय. सकाळी साडेपाचला त्याला ते सुचणार नाही.