पहिल्या मुक्कामी ट्रेकसाठी राजमाची: उधेवाडीतील घरगुती मुक्काम

ज्यांची पायपीट आजवर सिंहगडापुरतीच झाली आहे, अशा मंडळींनी डोंगरातली पहिली रात्र कुठे काढावी, असे कोणी विचारले की मी राजमाचीचे नाव सुचवते. गेल्या डिसेंबरात धाकट्या जावेला आणि तिच्या १४ वर्षांच्या मुलाला मी तिथे घेऊन गेले आणि गडाच्या पायथ्याशी असलेल्या उधेवाडीत एका घरी आम्ही मुक्काम केला.

नवख्यांसाठी ट्रेक निवडताना बहुतेक जण गडाची उंची विचारतात. माझ्या मते आधी पाठीवरचे ओझे आणि रात्रीचा निवारा पाहावा. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट सोपी आहे, परंतु कोकणकड्यावरचा डिसेंबरातला वारा तंबूत सोसणे पहिल्याच खेपेस कोणाच्या वाट्याला येऊ नये. कळसूबाईला शिड्या आहेत आणि उंचीची भीती असणाऱ्याचे पाय तिथेच लटपटतात. राजमाचीला मात्र थेट गावात छपराखाली झोपता येते, जेवण चुलीवरचे मिळते आणि पाठीवर पाणी, चादर, विजेरी व उबदार कपडे एवढेच वाहावे लागते.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी सुमारे १५ किलोमीटर आहे. वाट म्हणजे रुंद कच्चा रस्ता असून अंगावर येणारा चढ जवळपास नाही. पण अंतर कमी लेखू नये. जावेने नवे कोरे बूट घातले होते आणि तिसऱ्या तासाला तिच्या टाचेला फोड आला. आम्ही लंगडत पोहोचलो, तेव्हा घरच्या काकूंनी काही न विचारता घमेल्यात कोमट पाणी आणून ठेवले आणि ‘ताई, आता या घाला’ म्हणत स्वतःच्या चपला पुढे केल्या.

जेवण साधे आणि उत्तम होते. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरवून काकू ती निखाऱ्यांच्या तोंडाशी कलती उभी करत, ती टम्म फुगली की पदराच्या टोकाने राख झटकून सरळ ताटात वाढत. सोबत पिठले, ठेचा आणि कांदा. घरी भाकरीला नाक मुरडणाऱ्या पुतण्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. ओटी शेणाने सारवलेली होती, शौचालय घराबाहेर असले तरी स्वच्छ होते. उणीव सांगायची तर गोधड्यांना दमट वास येत होता, त्यामुळे स्वतःची चादर न्यावीच. दुसरी तक्रार त्या घराची नाही: शनिवार असल्याने शेजारी उतरलेल्या एका मोठ्या गटाने मध्यरात्रीपर्यंत स्पीकर लावला होता. आयोजकांना विनंती करूनही तो बंद झाला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण त्या दोघांना डोंगरातल्या रात्रीची शांतता अनुभवता यावी, म्हणूनच मी त्यांना आणले होते. शक्य असेल तर आडवारी जावे.

सकाळी भैरवनाथाच्या देवळापर्यंत चढलो. तिथल्या खिंडीच्या एका बाजूला श्रीवर्धन आणि दुसऱ्या बाजूला मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. श्रीवर्धन अधिक उंच आहे. तिथला दुहेरी तटाचा बुरूज आणि खाली पसरलेले उल्हास नदीचे खोरे पाहायचे असेल, तर वेळ हाती ठेवून निघावे. मनरंजन दुपारच्या उन्हामुळे आम्ही सोडून दिला.

उतरताना कोंढाणे लेणी पाहत कर्जतकडे जाण्याचा मोह होतो. त्या बाजूचा उतार तीव्र आहे आणि आदल्या दिवशी १५ किलोमीटर चाललेल्या नवख्याच्या गुडघ्यांवर त्याचा ताण येतो, म्हणून आम्ही गावातल्या जीपने लोणावळ्याला परतलो. पावसाळ्यात वाटेवरचे ओढे फुगतात, तेव्हा पहिल्या मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. निघण्याच्या दोन दिवस आधी घरमालकांना फोन करून माणसांची नेमकी संख्या कळवावी, कारण वाणसामान त्यांना लोणावळ्याहून आणावे लागते.