स्लीप ॲप्निया: मशीन, दातांचं उपकरण, ऑपरेशन की वजन?

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते: एएचआय. झोपेत तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा उथळ झाला, त्याची ही सरासरी. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण उपचार निवडायचा तर त्याच कागदावरच्या आणखी तीन ओळी वाचाव्या लागतात. ऑक्सिजन किती खाली उतरला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला. पाठीवर झोपल्यावरचा एएचआय किती आणि कुशीवरचा किती. आणि श्वास घसा बंद झाल्यामुळे अडत होता (ऑब्स्ट्रक्टिव्ह), की मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नव्हता (सेंट्रल).

दोन माणसं घ्या. दोघांचाही एएचआय १८. एकाचा पाठीवर ३४ आणि कुशीवर ६, ऑक्सिजन ८८ च्या खाली गेलेला नाही. दुसऱ्याचा कसंही झोपलं तरी १८च, आणि ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरलेला. पहिल्याचं कुशीवर झोपण्याची सवय आणि दातांचं उपकरण (खालचा जबडा पुढे धरणारं) यांवर भागू शकेल. दुसऱ्याने थेट मशीनकडे जावं, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅपकडे. ‘मध्यम आहे’ एवढंच ऐकून घरी आलात तर हा फरक कळणारच नाही.

तपासणी घरी की लॅबमध्ये

घरच्या तपासणीत नाकाशी एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला सेन्सर असतो. लॅबमध्ये त्याशिवाय मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, पायांचे झटके आणि ईसीजीही नोंदतात. घरच्या बहुतेक उपकरणांना तुम्ही झोपलात कधी, हेच कळत नाही. समजा रात्रीत ८० वेळा श्वास अडला, रेकॉर्डिंग ७ तासांचं झालं, पण प्रत्यक्ष झोप ४ तासच लागली. खरा आकडा २०, घरच्या रिपोर्टवर मात्र ११. म्हणून जोरदार घोरणं, घरच्यांनी पाहिलेला थांबलेला श्वास आणि दिवसा झापड अशी लक्षणं असूनही घरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तर त्यावर विसंबू नका, लॅबमध्ये तपासणी करून घ्या.

हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचा जुना आजार किंवा होऊन गेलेला पक्षाघात असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर पहिल्यापासून लॅबच. बाकी धडधाकट, पण लक्षणं ठळक असलेल्या माणसाला घरची तपासणी पुरते आणि स्वस्तही पडते. बोटाचं नेलपॉलिश आधी काढा. भरघोस मिशी असेल तर नाकाची नळी गालावर मायक्रोपोर पट्टीने नीट चिकटवा. मध्यरात्री ती निसटली की पुढची सगळी नोंद वाया जाते.

तपासणीची गरज आहे का, हे घरी ताडून बघायला स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी आहे: मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, कुणी पाहिलेला थांबलेला श्वास, बीपी, ३५ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा), पन्नाशीच्या पुढचं वय, ४० सेंटिमीटरपेक्षा जाड मान आणि पुरुष असणं. तीन ‘हो’ आले तर डॉक्टरांना विचारा, पाच आले तर टाळाटाळ नको. कोल्हापुरात मानेच्या मापाकडे विशेष लक्ष हवं. तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही. मग विशीत कमावलेल्या मानेवर चाळिशीत चरबी चढते आणि आतला श्वासमार्ग अरुंद होतो. पैलवानी अंगकाठीच्या माणसाचं घोरणं घरात कौतुकाने सांगितलं जातं, तपासलं मात्र जात नाही.

झोप मोडते, लागत नाही, की मिळतच नाही

या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे उपचार वेगळे. रात्री दहाला शेतीपंपाची लाइट आली म्हणून उसाला पाणी पाजायला जाणारा, पहाटे साडेचारला धारा काढायला उठणारी, शिरोलीच्या फाउंड्रीत आठवड्याआड पाळी बदलणारा: यांना आधी तास मोजायला हवेत. मोठ्या माणसाला किमान ७ तास लागतात. पाचच मिळत असतील तर मशीन लावून सहावा तास येणार नाही.

अंथरुणावर पडून दोन-दोन तास तळमळणारा निद्रानाश निराळा. त्यावर गोळीआधी सवयींचा उपचार करतात, सीबीटी-आय. उठायची वेळ रोज एकच. डोळे मिटायला लागल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. जेवढी झोप खरोखर लागते तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा (पण ५ तासांपेक्षा कमी नाही), आणि त्यातला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला की १५-१५ मिनिटं वाढवायची. ॲप्निया असताना, दिवसा पेंग येत असताना किंवा गाडी चालवायची असताना हे वेळ आवळणं डॉक्टरांना न विचारता करू नये.

ॲप्नियात सहसा झोप लगेच लागते, पण रात्रभर तुटत राहते. आणि नेमकी इथेच मोठी चूक होते: झोप नीट होत नाही म्हणून झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि दारू, दोन्ही घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास अडल्यावर जागं व्हायला उशीर लावतात. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणलेली गोळी इथे घातक ठरू शकते.

उपचार न केल्यास

श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, रक्तदाब उसळतो. तीव्र आजारात हे तासाला तीस-चाळीस वेळा. त्यामुळे तीन गोळ्यांनीही आटोक्यात न येणारं बीपी, हृदयाची अनियमित धडधड, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी ॲप्नियाचं घट्ट नातं आहे. रात्री तीनदा लघवीला उठणं लोक साखरेवर किंवा प्रोस्टेटवर ढकलतात. पण बंद घशातून श्वास ओढताना छातीत पोकळी निर्माण होते, हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि त्यातून सुटणारं संप्रेरक मूत्रपिंडाला जास्त लघवी करायला लावतं. सर्वांत जवळचा धोका मात्र रस्त्यावरचा आहे. पुणे–बेंगळुरू महामार्गावर पहाटे स्टिअरिंगवर लागलेली चार सेकंदांची डुलकी ताशी ९० किलोमीटरच्या वेगात गाडीला १०० मीटर पुढे नेते. उपचार लागू पडेपर्यंत रात्रीचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या.

सीपॅप मशीन की दातांचं उपकरण

खरी निवड इथे आहे. सीपॅप हवेच्या दाबाने घसा उघडा धरतं. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते जगासमोर मांडलं, आणि एएचआय खाली आणण्यात आजही त्याच्या तोडीचं बिनऑपरेशनचं काही नाही. दातांचं उपकरण खालचा जबडा पुढे ओढून धरतं, त्यासोबत जीभ पुढे येते. ते एएचआय कमी उतरवतं, पण लोक ते रात्रभर तोंडात ठेवतात, तर मशीन अनेकजण तीन-चार तासांनी काढून टाकतात. त्यामुळे दिवसाची झापड आणि बीपी यांवरचा परिणाम बऱ्याचदा जवळपास सारखा निघतो.

आमचं मत स्पष्ट आहे. एएचआय ३० च्या वर, किंवा ऑक्सिजन ८० च्या खाली, तर आधी मशीनच. सौम्य ते मध्यम आजार, दात शाबूत, हिरड्या घट्ट, आणि मशीनची मनापासून धास्ती: तर दातांचं उपकरण. ते माप घेऊनच बनवून घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार साचे ऑनलाइन मिळतात, ते रात्री निसटतात आणि जबडा हळूहळू पुढे न्यायची सोय त्यांत नीटशी नसते. डेंटिस्ट जबडा जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्या पल्ल्यापासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं पुढे नेतात. पहिले काही दिवस लाळ सुटते, सकाळी कानाजवळ दुखतं. काही वर्षांत दातांची चावण्याची जुळणी बदलू शकते, म्हणून दरवर्षी दाखवायचं. उपकरण बसल्यावर ते तोंडात असतानाच पुन्हा झोपेची तपासणी करा. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडणं थांबलं, असं नाही.

मशीनबद्दलही खरं ते सांगायला हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २,७१७ रुग्ण होते. सीपॅपने त्यांची झापड कमी झाली, मन ताजं राहिलं, पण पुढचे झटके कमी झाले नाहीत. ते रात्री सरासरी ३.३ तासच मशीन लावत होते. बीपीही सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतं, हट्टी बीपीत जरा जास्त. म्हणजे मशीन कपाटात असून उपयोग नाही, आणि ते लावलं म्हणून हृदयाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

फिक्स मशीन एकच दाब देतं, ऑटो मशीन ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात स्वतः कमी-जास्त करतं. लॅबमध्ये दाब ठरवून घेतला असेल तर फिक्स पुरतं. नसेल तर ऑटो घ्या. ऑटोची किंमत कंपनीप्रमाणे साधारण तीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत जाते. हार्ट फेल्युअर किंवा सेंट्रल ॲप्निया असेल तर मात्र ऑटो स्वतःच्या मनाने नको.

पैसे मशीनवर जातात, पण यश मास्कवर ठरतं. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क हलका, चष्मा लावून वाचता येतं, आणि मिशीवाल्यांना तोच सोयीचा. नाकावर बसणाऱ्या मास्कची खालची कड मिशीवर येते आणि तिथून हवा फुसफुसत राहते. दाब फार जास्त लागत असेल तर नाकाचा मास्क बरा. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना नाक-तोंड झाकणारा लागतो, पण तो जास्त गळतो. म्हणून आधी ईएनटीकडे नाकाचं हाड आणि ॲलर्जी दाखवा. नाक मोकळं झालं की अनेकांना छोटा मास्क चालतो. मास्क दुकानात बसून नको, आडवं होऊन आणि हवा चालू ठेवून घाला. पट्टे करकचून आवळले की कड वाकते आणि गळती उलट वाढते.

बाकी अडचणी ठरलेल्या आहेत. घसा कोरडा पडला तर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) एका घराने वाढवा. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुडलं तर नळी पांघरुणाखाली घ्या. पोट फुगत असेल तर दाब कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि उरलेलं रोज सकाळी ओता. पावसाळ्यात नळी दमट कपाटात न गुंडाळता लटकवून वाळवा, नाहीतर बुरशीचा वास येतो. राधानगरी-गगनबावड्याकडे जोराच्या पावसात लाइट गेली तर तासन्‌तास येत नाही. साध्या सीपॅपला पंख्याएवढीच वीज लागते, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ते रात्र काढतं. फक्त ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद करा, सगळी बॅटरी तेच खातात.

ऑपरेशन आणि वजन

लहान मुलांत टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढणं हाच पहिला उपाय. मोठ्यांत पडजीभ आणि टाळूचं ऑपरेशन निम्म्याच्या आसपास रुग्णांना लागू पडतं, दुखणं दोन आठवडे राहतं, आणि वजन वाढलं की आजार परततो. टॉन्सिल खूप मोठ्या आणि वजन कमी असलेल्या माणसाने विचार जरूर करावा. इतरांनी आधी मशीन आणि दातांचं उपकरण वापरून बघावं. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ॲप्निया असल्याचं सांगा आणि मशीन सोबत न्या.

वजन १० टक्क्यांनी घटलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने उतरतो. ९० किलोच्या माणसाचे ९ किलो म्हणजे ४० चे ३०. फायदा मोठा, पण तीव्र आजारात एकटा अपुरा. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं, आणि वजन उतरेपर्यंत मशीन चालू ठेवावं. रविवारचा रस्सा सोडा असं कुणी म्हणत नाही, तो रात्री अकराऐवजी दुपारी जेवा.

घेण्याआधी

शक्य असेल तर महिनाभर भाड्याने आणा. महिन्याअखेर मशीनमधली नोंद काढून तीन गोष्टी बघा: रात्री ४ तासांपेक्षा जास्त वापर बहुतेक दिवशी झाला का, मशीन लावूनही उरलेला एएचआय ५ च्या आत आला का, गळती मर्यादेत आहे का. वापर पुरेसा असूनही एएचआय चढाच राहिला तर मशीन बदलण्याआधी मास्क बदला. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासा: जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून कण श्वासात जाऊ शकतात म्हणून लाखो मशीन परत मागवली, त्यांत ड्रीमस्टेशनची पहिली पिढी होती. ओझोनने साफ करणारी यंत्रं हा फोम आणखी झिजवतात, ती वापरू नका. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे बीपी घरी मोजून लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.