क्विकवर आठ महिने, आणि 396 नंबरचा स्ट्रीम

रात्री साडेदहाला फोन आला. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार काका. ऑक्टोबर छाटणीला तीन आठवडे झालेले, संध्याकाळी पाऊस पडून गेलेला. "भाऊ, बागेचा फोटो येतोय, पण पानाच्या ओलीचा आकडा दुपारपासून तोच दाखवतोय. सकाळी फवारणी घेऊ का नको?" डाऊनी (केवडा) रोगाच्या दिवसांत पानं किती तास ओली राहिली, हे पाहून फवारणी ठरते. त्या रात्री मला आकडा देता आला नाही. काकांनी अंदाजाने औषध मारलं, खर्च त्यांच्या माथी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं दोघांचं छोटं ऑफिस आहे. मार्चपासून द्राक्षबागांतल्या गेटवेवर (सेन्सरचे आकडे आणि फोटो पाठवणारा बागेतला छोटा संगणक) आणि ते घेणाऱ्या सर्व्हरवर क्विक-गो वापरतोय. क्विक म्हणजे इंटरनेटवरून डेटा पाठवण्याची एक पद्धत, आणि क्विक-गो ही ती चालवणारी गो भाषेतली लायब्ररी. क्विकची जास्त ओळख करून देत बसत नाही. त्याचं अधिकृत मानक, आरएफसी 9000, मे 2021 मध्ये आलं. खाली यूडीपी (पोच न मागता पाकिटं पाठवणारी साधी पद्धत), टीएलएस 1.3 (डेटा गुप्त ठेवणारं कुलूप) आतच. मला हवे होते ते स्ट्रीम, म्हणजे एकाच कनेक्शनमधले वेगवेगळे प्रवाह. आधी टीसीपी या जुन्या पद्धतीवर पानांचा फोटो चढताना डेटाचं एक पाकीट हरवलं, की मागचे तापमान-आर्द्रतेचे आकडेही रांगेत खोळंबायचे. क्विकमध्ये फोटो एका स्ट्रीमवर, आकडे दुसऱ्यावर. एकाचं पाकीट हरवलं तरी दुसरा थांबत नाही. बागेतल्या 4जी सिमवर हा फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. पहिले सहा महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो.

एक खटका मात्र पहिल्या दिवसापासून होता. ओपनस्ट्रीम ही आज्ञा दिली की स्ट्रीम उघडला असं वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी तारेवर काहीच जात नाही, फक्त आपल्या बाजूला पुढचा क्रमांक राखून ठेवला जातो. पहिला बाइट लिहीपर्यंत समोरच्याला पत्ता नसतो, त्याचं ॲक्सेप्टस्ट्रीम (नवा स्ट्रीम स्वीकारणारी आज्ञा) तसंच वाट बघत राहतं. माझी सुरुवातीची रचना अशी होती, की गेटवेने स्ट्रीम उघडायचा आणि सर्व्हरने लगेच सेटिंग पाठवायचं. दोघे एकमेकांची वाट पाहत बसले. त्यात एक अख्खा दिवस गेला.

आता ती रात्र. दर पाच मिनिटांनी गेटवे ओपनस्ट्रीमसिंकने (जागा नसेल तर थांबणारं ओपनस्ट्रीम) नवा दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहिता येणारा स्ट्रीम उघडतो, आकडे लिहितो, सर्व्हर ते साठवून पोच देतो. फोटोसाठी एकेरी स्ट्रीम. लॉग उघडला तर कनेक्शन जिवंत, फोटो येतायत, आणि आकड्यांचा शेवटचा स्ट्रीम क्रमांक 396. दुसऱ्या अडकलेल्या बागेतही 396. क्लायंटने (इथे गेटवेने) उघडलेल्या दुहेरी स्ट्रीमचे क्रमांक 0, 4, 8 असे चार-चारने वाढतात, म्हणजे 396 हा बरोबर शंभरावा. क्विक-गोमध्ये समोरून येणाऱ्या, एका वेळी उघड्या असलेल्या दुहेरी स्ट्रीमची मुळातली मर्यादा 100 आहे. एकेरी स्ट्रीमची मर्यादा वेगळी मोजली जाते, म्हणून फोटो चालू राहिले. पाच मिनिटांना एक, तर शंभर संपायला आठ तास वीस मिनिटं. नंतर ओपनस्ट्रीमसिंक जागा मोकळी होण्याची वाट पाहतं, आणि मी त्याला वेळेची मर्यादा घातली नव्हती. ना एरर, ना इशारा.

मग मार्चपासून हे का दिसलं नाही? बागेत रेंज वाईट होती म्हणून. दिवसातून चार-पाच वेळा कनेक्शन तुटायचं, नवं जोडलं की मोजणी परत शून्यापासून. मग मी स्वतःच्या पैशांनी दोन बागांत चांगले अँटेना बसवले. कनेक्शन टिकायला लागलं आणि आकडे बंद पडले. हे कळलं तेव्हा संताप झाला, खोटं कशाला सांगू.

रागात सर्व्हरवर मर्यादा 1000 केली. फुकटातलं काम, एक ओळ. साडेतीन दिवसांनी परत अडकलं, या वेळी 3996 वर. तेव्हा कुठे शांतपणे वाचलं. स्ट्रीम बंद करायची क्लोज ही आज्ञा फक्त आपली लिहिण्याची बाजू बंद करते. वाचण्याची बाजू वेगळी. ती शेवटपर्यंत वाचावी लागते, नाहीतर कॅन्सलरीडने सोडून द्यावी लागते. दोन्ही बाजू मिटल्याशिवाय सर्व्हर त्या स्ट्रीमची जागा परत देत नाही. माझा सर्व्हर ठरलेले बाइट वाचायचा, पोच लिहून क्लोज करायचा आणि निघून जायचा. गेटवे आपली बाजू पोच मिळाल्यावर बंद करायचा. तो शेवटचा निरोप सर्व्हरवर वाचायला कोणी उरतच नव्हतं.

दुरुस्ती पाच-सहा ओळींची. गेटवे लिहून झाल्याबरोबर आपली बाजू बंद करतो (उत्तर वाचण्यात त्याने काही अडत नाही), सर्व्हर शेवटपर्यंत वाचतो, आणि ओपनस्ट्रीमसिंकला दहा सेकंदांची मुदत. मर्यादा परत 100 वर आणली. या मर्यादेबद्दलचं माझं मत आता पूर्ण बदललंय. ती नसती तर बिघडलेला एक गेटवे सर्व्हरची मेमरी खात गेला असता, आणि आमच्या छोट्या सर्व्हरवर एकदम सगळ्या बागा बंद पडल्या असत्या. क्लोजच्या नावाबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. अर्धं दार लावणाऱ्या गोष्टीला क्लोज म्हणू नये.

बाकी थोडक्यात. कनेक्शन जिवंत ठेवायला दर वीस सेकंदांनी पाकीट जातं, म्हणजे दिवसाला 4,320. सिमचं रिचार्ज मीच भरतो, पण ही पाकिटं इतकी लहान की पॅक बदलावा लागला नाही. एका पॅकहाऊसच्या वायफायवर यूडीपी अडवलेलं निघालं, म्हणून टीसीपीचा जुना रस्ता कोडमध्ये ठेवलाय, तो काढणार नाही.

काकांच्या बागेतल्या कनेक्शनवरचा शेवटचा स्ट्रीम क्रमांक काल रात्री पाहिला: 11,520. दहा दिवस, एकदाही न तुटता. सकाळी त्यांना ओलाव्याचे तास फोनवर सांगितले.